दोन चिपटी की दोन चिमटी

गेल्या मे महिन्यात पुतणीचा बंगळुरूहून फोन आला. एरवी फोन उचलला की आधी पाच मिनिटं पोरांचं सांगत बसते, त्या दिवशी थेटच म्हणाली, "काकू, चटणी गेली. सगळी. वर पांढरी बुरशी धरलीय आणि वास येतोय."

चटणी म्हणजे आमच्या कराडकडं वर्षाची लाल चटणी, बाकीच्या महाराष्ट्रात जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती. आमच्याकडं तिला नुसतं चटणी म्हणतात कारण तिच्याशिवाय कालवण होत नाही, आणि घरात दुसरं काही नसलं तरी भाकरीवर तेल-चटणी घेतली की जेवण होतं, बाकीच्या चटण्यांना मग शेंगदाण्याची, जवसाची असं नाव लावावं लागतं. दोन किलो मिरची, खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण, तेल आणि दोन-तीन दिवसांची मेहनत, एवढं सगळं त्या पोरीनं नोकरी सांभाळून पहिल्यांदाच एकटीनं केलं होतं, आणि पंधरा दिवसांत टाकून द्यायची वेळ आली. मी विचारलं, मीठ किती घातलं होतंस? तर म्हणाली, "लिहिलंय तेवढंच, दोन चिमटी."

दोन किलो मिरचीला दोन चिमटी मीठ. मी म्हटलं कुठं लिहिलंय ते मला पाठव आधी.

आलं ते एक लांबलचक फॉरवर्ड होतं. वर लिहिलेलं, अस्सल घाटी चटणी, गावाकडची पद्धत, नक्की करून बघा, आवडल्यास पुढे पाठवा. मी वाचायला लागले, मिरची कुठली घ्यायची, देठ काढून उन्हात कशी तापवायची, सगळं ठीक होतं, आणि मग ही ओळ आली: "कांदा उन्हात वाळवून मगच तळायचा आणि असा तळायचा की बोटानं मोडला की टक् वाजला पाहिजे, नाही वाजला तर परत कढईत."

मी तिथंच थांबले. कारण हे वाक्य माझ्या आईचं आहे. टक् वाजला पाहिजे, हे तिच्याशिवाय मी कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. २००९ मध्ये तिच्या वहीतलं चटणीचं पान मी माझ्या ब्लॉगवर टाकलं होतं, ती बोलायची तसंच्या तसं लिहून, आणि तेच वाक्य आता पंधरा-सोळा वर्षांनी बंगळुरू फिरून माझ्याच फोनवर परत आलं होतं, कुणाचंच नसल्यासारखं.

आणि चुकीचं होऊन आलं होतं, हे जास्त महत्त्वाचं. आईच्या वहीत आहे, मीठ २ चिपटी. फॉरवर्डमध्ये झालंय, मीठ २ चिमटी. फक्त प चा म झालाय. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, टाइप करताना फोननंच शब्द सुचवला असेल, किंवा कुणाला चिपटं म्हणजे काय ते माहीत नसेल आणि चूक दिसली म्हणून बिचारीनं सुधारली असेल, चांगल्या मनानंच. पण धणे ३ चिपटी होते तेही ३ चिमटी झाले, तीळ १ चिपटं आणि १ कोळवं होते त्यातलं कोळवं तर गळूनच गेलं. कांदा दोन दिवस वाळवायचा असं होतं, त्यातले 'दोन दिवस' गेले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही धान्य मापायची जुनी मापं आहेत. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली. आपल्याकडं किलो-ग्रॅम १९५८ पासून यायला लागले आणि बासष्टच्या सुमारास बाजारात तेच सक्तीचे झाले, पण घरातली मापं कुणी फेकून दिली नाहीत. आईचं लग्न १९७१ चं, तिच्या वहीत मिरची किलोत आहे कारण ती बाजारातून तोलून यायची, आणि मीठ, धणे, तीळ चिपट्यात आहेत कारण ते डब्यातून मापून घ्यायचे. एकाच पानावर दोन्ही. मला ते पान त्यासाठीच आवडायचं आणि त्यासाठीच मी ते ब्लॉगवर टाकलं होतं.

२००९ चं आठवतंय तेवढं लिहिते, कारण आता नवीन आलेल्यांना ते खरंच वाटणार नाही. त्याच्या थोडी वर्षं आधीपर्यंत नेटवर मराठी वाचायचं म्हणजे ज्या साइटचा जो फॉन्ट तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, शिवाजी म्हणा, कृतिदेव म्हणा, नाहीतर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोड आलं तरी विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन ती खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची, सीडी कुणाकडं असायची नसायची. मग मराठी टाइप करायला बरहा आलं, गमभन आलं, गूगलचं मराठी टाइप करायचं आलं, आणि माझ्यासारख्या ऑफिसात हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक अक्षर टाइप करून लिहिता यायला लागलं. गप्पांच्या साइटपैकी मायबोली १९९६ पासून होती, मिसळपाव २००७ मध्ये सुरू झालं, ऑर्कुटवर मराठी कम्युनिटी होत्या, आणि मराठी ब्लॉगविश्ववर कुणी नवीन काय लिहिलं ते एका जागी दिसायचं. आम्ही एकमेकींचे ब्लॉग गूगल रीडरमध्ये लावून ठेवलेले असायचे, म्हणजे कुणी लिहिलं की ते आपोआप आपल्याकडं यायचं, वर्तमानपत्र दारात पडावं तसं. पण ते वाचून कमेंट करायची तर मूळ ब्लॉगवरच जावं लागायचं, आणि त्यामुळं बोलणं सगळं एका जागी साठायचं.

चटणीच्या पोस्टवर तेव्हा एकतीस कमेंट आल्या होत्या. मला आकडा पाठ आहे कारण माझ्या दुसऱ्या कुठल्याच पोस्टवर एवढ्या आल्या नाहीत. न्यू जर्सीतल्या एकीनं विचारलं, चिपटं म्हणजे किती कप? तर एका आजोबांनी, ते किराणा दुकान चालवून रिटायर झालेले होते, पायलीपासून खाली सगळं कोष्टक लिहून दिलं आणि खाली लिहिलं की ताई, शेर गावागावाला वेगळा असतो, तुमच्या आईंचं चिपटं घरात असेल तर ते एकदा मीठ भरून तोला आणि ग्रॅममध्ये लिहा, नाहीतर लोक चुकतील. दुसऱ्या एकानं मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी शब्दकोशाची लिंक दिली, तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे, शब्द टाकला की अर्थ समोर येतो, मी तोपर्यंत तो कधी पाहिलाच नव्हता आणि तेव्हापासून आजपर्यंत वापरतेय. तिसरी एक मुलगी म्हणाली, खोबरं ४ वाट्या म्हणजे किसून चार वाट्या ना? तर नाही, ती आमटीची वाटी नव्हे, खोबऱ्याची वाटी, म्हणजे सुक्या नारळाचं अर्ध. मला हे सांगायला हवं होतं हे सुचलंच नव्हतं, कारण आमच्या घरात खोबरं म्हटलं की वाटी म्हणजे तीच. कोल्हापूरच्या एका ताईंनी मिरचीवरून हुज्जत घातली, त्यांचं म्हणणं निम्मी संकेश्वरी आणि निम्मी ब्याडगी घेतली तर तिखटपणा कमी पडेल, वर मूठभर लवंगी पाहिजेच. आईला मी ते वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, बरोबर आहे तिचं, पण तुझ्या बाबांना सोसत नाही.

सांगायचं हे की ती रेसिपी चटणीच्या पानावर होती त्यापेक्षा त्या कमेंटमध्ये जास्त होती. जो कुणी पोस्टवर यायचा त्याला वर पान दिसायचं आणि खाली पानावरच्या शंका आणि त्यांची उत्तरं दिसायची. कोण चुकलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं तिथंच.

फॉरवर्ड करताना वरचं उचललं गेलं, खालचं तिथंच राहिलं.

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. तोपर्यंत सगळ्या जणी फेसबुकवर गेल्या होत्या, तिथून हळूहळू व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आल्या. मीही गेले. ब्लॉगवर शेवटचं २०१४ मध्ये लिहिलं. मला कुणी घालवलं नाही, मीच गेले, कारण ग्रुपवर टाकलं की दोन मिनिटांत दहा जणी छान छान म्हणतात आणि ब्लॉगवर लिहिलं की चार दिवस वाट बघायची, माणसाला जिथं लगेच ओ मिळते तिथं माणूस बोलतं. ग्रुपचा मला राग नाही. करोनाच्या वेळी आमच्या सोसायटीचा ग्रुप नसता तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ऑक्सिजन मिळाला नसता, ते मी डोळ्यानं बघितलंय. तातडीचं जे काही असतं त्याला ग्रुपसारखं दुसरं काही नाही.

पण जपून ठेवायचं, चार जणांनी तपासायचं, परत परत उघडायचं असं जे असतं ते ग्रुपवर राहत नाही. तिथं त्याला पत्ताच नसतो. गेल्या वर्षी जावेनं टाकलेली शिंगोळ्यांची रेसिपी मला आज पाहिजे असेल तर मी वर वर सरकवत बसणार, मध्ये वाढदिवस, गुड मॉर्निंग, कुणाच्या तरी लग्नाचे दीडशे फोटो, आणि फोन भरला म्हणून मीच मागच्या महिन्यात अर्धं डिलीट केलेलं. आणि ग्रुपच्या बाहेरच्या माणसाला तर ते कधी दिसणारच नाही, शोधलं तरी.

व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये पुढं पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं दाखवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी भारतात एका वेळी पाचच चॅटवर पाठवता येईल अशी मर्यादा घातली, अफवांवरून माणसं मारली जात होती त्यानंतर. ते चांगलंच झालं. पण त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच होतो की हे पाठवणाऱ्याचं नाही. मग कुणाचं, ते त्यात कुठंच नाही. आणि मोकळ्या जागेवर नाव नसलं की लोक आपल्याला आवडणारं नाव घालतात, पुलंनी कधी लिहिलं नाही असं कितीतरी पुलंच्या नावावर फिरतंय, वपुंच्या नावावर फिरतंय. आईची चटणी निदान बिननावाची फिरली, दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही, तेवढं बरं.

मी त्या रात्री 'टक् वाजला पाहिजे' एवढेच शब्द अवतरणचिन्हात घालून शोधले. रेसिपी आठ ठिकाणी सापडली. चार फेसबुकच्या पेजवर, दोन कुठल्या तरी रेसिपीच्या साइटवर, एक यूट्यूबच्या व्हिडिओखाली, एक दिवाळी फराळाच्या यादीत, तिथं चटणी कशाला ते मला कळलं नाही. आठपैकी सहा ठिकाणी चिमटी. एका साइटवर वर फोटो होता संगमरवरी ओट्याचा आणि त्यावर त्यांचा वॉटरमार्क. माझा ब्लॉग त्या यादीत नव्हताच, मी खाली खाली जात राहिले, नव्हता.

एका पेजच्या ॲडमिनला मी मेसेज केला. रागानं नाही केला, नीट लिहिलं की मिठाचं माप चुकलंय, चटणी खराब होईल, कृपया दुरुस्त करा. तिनं लगेच केलं, आणि लिहिलं, "सॉरी ताई, आम्हाला पण फॉरवर्डच आलं होतं, मूळ कुणाचं ते शोधलं पण सापडलं नाही." मला तिचं वाईट वाटलं. तिनं शोधलं होतं. तिला सापडण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. बाकीच्या सात जणांना लिहिलं त्यातल्या एकीनं दुरुस्त केलं, एकीनं ब्लॉक केलं, पाच ठिकाणी अजून वाचलेलंच दिसत नाही. आणि हे तर उघड्यावरचे आठ, फोनाफोनांत किती असतील ते कुणाला मोजता येणार. दुरुस्ती फॉरवर्ड होत नाही. चूक जेवढ्या घरी गेली तेवढ्या घरी मागोमाग दुरुस्तीही जाईल अशी सोयच नाही त्यात.

मला माझ्या नावाचं काही नाही, हे मी मनापासून लिहितेय. चटणी माझी नाही, आईचीही नाही, आईला तिच्या सासूनं शिकवली, तिला तिच्या सासूनं. कायद्यानंही कृतीवर मालकी कुणाची नसते, लिहिलेल्या मजकुरावर असते, आणि मला तीही नको. पण मालकी वेगळी आणि ठावठिकाणा वेगळा. हा फरक मला 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या साइटवरच्या ओव्यांमुळं नीट समजला.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यातून काम सुरू केलं, महाराष्ट्रातल्या शेकडो खेड्यांत जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि २०१७ पासून त्या 'परी'वर एकेक करून येताहेत, ऐकायलाही मिळतात. आता ओवीपेक्षा बिनमालकीची गोष्ट कुठली असणार? आईनं लेकीला दिलेली, लेकीनं सासरी नेलेली, जात्यावर बसेल तिची. तरीसुद्धा तिथं प्रत्येक ओवीच्या खाली गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, वय आहे, मुलं किती, काम काय करते, रेकॉर्ड कधी केली ती तारीख आहे. ओवी तिनं रचली असा त्यात दावा नाही. ही ओवी या बाईनं, या गावात, या दिवशी अशी म्हटली, एवढंच. त्यामुळं उद्या दुसऱ्या गावातली एखादी म्हणाली की आमच्याकडं हा शब्द वेगळा आहे, तर तो कशापेक्षा वेगळा ते सांगता येतं. मी पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा ओवी ऐकायच्या आधी ती खालची माहितीच दोनदा वाचली होती.

मग मी माझा ब्लॉग उघडायला बसले. पासवर्ड आठवत नव्हता, जुना ईमेल, जुना नंबर, त्यात दोन संध्याकाळ गेल्या. उघडला तर पोस्ट होती, पण वहीच्या पानाचा फोटो नव्हता, त्या जागी राखाडी चौकोन. फोटो मी तेव्हा एका फुकट फोटो ठेवायच्या साइटवर ठेवले होते, त्यांनी मधल्या काळात नियम बदलले, ईमेल आलेही असतील, मी बघितले नाहीत. कमेंटही निम्म्याच दिसत होत्या, कारण मध्ये एकदा मी ब्लॉगचं डिझाइन बदलताना कमेंटची सोय दुसरीच लावली होती, आणि ती दुसरी सोय आता चालत नव्हती.

लेक म्हणाली वेबॅक मशीनवर बघ. इंटरनेट आर्काइव्हचं आहे ते, १९९६ पासून जगभरातली वेबपानं जशी आहेत तशी साठवतात, २००१ पासून कुणालाही बघता येतात. आपल्या पानाचा पत्ता टाकायचा, मग एक कॅलेंडर येतं आणि ज्या ज्या दिवशी त्यांनी ते पान उतरवून घेतलं त्या तारखांवर गोल दिसतात. माझ्या पोस्टला तीन गोल होते. फक्त तीन, पण त्यातला एक २०१२ चा, आणि त्यावर दाबलं तर एकतीसच्या एकतीस कमेंट आल्या, दुकानवाल्या आजोबांच्या कोष्टकासकट. फोटो तिथंही नव्हता. कुणीतरी सॅन फ्रान्सिस्कोत बसून, मराठीचं एक अक्षर न वाचता, माझ्या आईची चटणी आणि आजोबांचं पायलीचं कोष्टक उचलून ठेवलं होतं, आणि मी, जिची ती आई, मी ठेवलं नव्हतं. मी त्या कमेंट वाचत रात्री दीडपर्यंत बसले. आजोबांच्या नावावर क्लिक केलं तर त्यांचा ब्लॉग आता नाही.

त्यांनी तेव्हा सांगितलेलं मी केलंच नव्हतं. चिपटं तोलून ग्रॅममध्ये लिहा, म्हणाले होते. मी 'हो काका, नक्की' असं उत्तर दिलेलं आहे, तारखेसकट तिथं आहे. केलं नाही.

वही गावाला भावाकडं आहे. वहिनीला म्हटलं पानाचा फोटो पाठवा आणि आईचं चिपटं अजून असेल तर बघा. तिनं दुसऱ्या दिवशी उजेडात धरून छान फोटो काढून पाठवला. पान आता जास्त पिवळं झालंय, कोपऱ्यावरचा तेलाचा डाग 'खोबरं' या शब्दापर्यंत आलाय. आणि त्यात एक गोष्ट दिसली जी मी २००९ मध्ये पाहिलीच नव्हती, किंवा तेव्हा नसेलही, आईनं नंतर लिहिली असेल. मीठ २ चिपटी, त्यातल्या २ वर पेन्सिलीनं बारीक रेघ मारलीय आणि बाजूला लिहिलंय: दीड. यांचं बीपी. म्हणून तेल थोडं जास्त, आणि बरणीत हिंगाचे खडे तीन.

मी ते मोठं करून करून बघितलं. तिनं जुना २ खोडून टाकला नव्हता, वाचता येतो. बदल केला, का केला ते लिहिलं, आणि बदलामुळं पुढं काय सांभाळायचं तेही लिहिलं, सगळं त्याच पानावर, जिथं पुढच्या वर्षी मिरची आणल्यावर ती वही उघडणार होती.

वहिनीनं चिपटं पण शोधलं, पितळेचं, वरची कड एका बाजूला चेपलेली. भाऊ पुण्याला येणार होता त्याच्याबरोबर पाठवलं. मी ते घासून, पुसून, कोरडं करून वजनकाट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि खडेमीठ सपाट भरलं. २८० ग्रॅम. परत भरलं, २८५. धणे ९० भरले, तीळ दीडशे. कोळवं सापडलं नाही, ते निम्म्यावर धरलं. तर दोन चिपटी मीठ म्हणजे अर्ध्या किलोच्या वर, आणि पोरीनं घातलं होतं दोन चिमटी.

आता ती पोस्ट मी परत लावलीय. वर वहीच्या पानाचा नवा फोटो, यावेळी ब्लॉगवरच चढवलाय, दुसरीकडं ठेवून लिंक दिलेली नाही, आणि एक प्रत लेकीच्या हार्डडिस्कवर, एक छापून वहीत चिकटवायला वहिनीकडं. खाली ग्रॅममध्ये मापं. त्याखाली 'दुरुस्ती' असा एक भाग केलाय आणि त्यात तारखेनं लिहिलंय काय बदललं, आधी काय होतं, आणि चिमटी असं कुठं वाचलं असेल तर ते चूक आहे. जुन्या एकतीस कमेंट तारखांसह खाली उतरवून ठेवल्यात, ज्यांच्या होत्या त्यांना लावलेल्या नावानंच. आणि सगळ्यात खाली लिहिलंय की हे कुणीही घ्या, विचारायची गरज नाही, फक्त या पानाची लिंक बरोबर न्या. पोस्ट झाल्यावर तिचा पत्ता मी स्वतःच वेबॅक मशीनमध्ये टाकला, तिथं 'हे पान आत्ता साठवा' अशी सोय आहे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ज्यांचे जुने ब्लॉग अजून जिवंत आहेत त्यांनी आज रात्री एवढं तरी करा, मी हात जोडून सांगते. तुमच्याकडं कुणाची तरी आई असेल, कुणाचे आजोबा असतील कमेंटमध्ये.

आणि ग्रुपवर टाकताना मी आता पूर्ण मजकूर टाकत नाही. दोन ओळी आणि लिंक. माझ्या नणंदेला हे आवडलं नाही, म्हणाली कुणाला वेळ आहे लिंक उघडायला, सरळ लिहून टाक की. तिचं खरं आहे, निम्म्या जणी उघडत नाहीत. पण ज्या उघडतात त्या पानावर येतात.

पुतणीनं जूनमध्ये परत केली, यावेळी अर्ध्याच किलोची. बंगळुरात पाऊस सुरू झालेला, कांदा वाळवायला ऊन कुठलं. मला फोन करून विचारेल असं वाटलं होतं, पण फोन आला नाही, चार दिवसांनी पोस्टवर बत्तिसावी कमेंट आली, तिच्या नावानं, गावाचं नाव आणि तारीख घालून. लिहिलं होतं, "पावसाळ्यात करणार असाल तर कांदा पातळ चिरून ओव्हनमध्ये अगदी मंद, ८० वर, दार किंचित उघडं ठेवून चार तास. मग तळला. पहिला घाणा नाही वाजला, परत कढईत टाकला. दुसऱ्यांदा वाजला."